भिंगावरचा आकडा आणि निजामाचं तिकीट

गडचांदूर आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण स्वातंत्र्याच्या वेळी ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. वर्धा नदीच्या त्या काठाला बल्लारपूर आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचं टपाल. या काठाला राजुरा तालुका, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला, तिथे निजामाचं टपाल आणि त्याची स्वतःची तिकिटं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेडला जोडला गेला, १९५९मध्ये चांदा जिल्ह्यात आला आणि त्याच्याच पोटातून पुढे गडचांदूरचा कोरपना तालुका निघाला. त्यामुळे या भागात एखाद्या जुन्या घरातल्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांत दडलेलं पाकीट सापडलं, तर त्यावर ब्रिटिश राजाचं मुंडकं नसून उर्दू, तेलुगू, मराठी आणि इंग्रजी अशा चार भाषा मिरवणारं तिकीट असू शकतं. हैदराबादने पहिलं तिकीट १८६९ साली काढलं आणि संस्थान विलीन झाल्यावर १९५०मध्ये ही तिकिटं बंद झाली. ऐंशी वर्षांचा हा ठेवा आपल्या तालुक्याचा आहे आणि तो नीट वाचायचा तर हाताशी चांगलं भिंग हवं.

एक उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या तिकिटांचे नवे ठसे लंडनच्या ॲलन वायन यांनी कोरले. १९१२मध्ये ब्रॅडबरी विल्किन्सन या कंपनीने त्याच नक्षीचे ठसे पुन्हा कोरले. पाव आण्याची दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली तर साध्या डोळ्याला सारखीच दिसतात. भिंग धरलं की कळतं, वायनच्या तिकिटात किमतीचा अपूर्णांक पट्टीच्या टोकाच्या जास्त जवळ आहे. फरक मिलिमीटरच्या काही भागाचा, पण तेवढ्यावरून तिकीट कोणत्या ठशाचं ते ठरतं. तिकीटसंग्रहातले बरेचसे निवाडे असेच, केसभर अंतरावर होतात.

मग भिंग किती मोठं दाखवणारं घ्यावं? नवशिक्या संग्राहकाची इथेच फसगत होते. दुकानात एकावर ५एक्स, दुसऱ्यावर १०एक्स, तिसऱ्यावर ३०एक्स असं लिहिलेलं असतं आणि हात आपोआप सर्वांत मोठ्या आकड्याकडे जातो. तो आकडा कुठून येतो हे एकदा समजून घेतलं, तर तो हात थांबेल.

आपला डोळा एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात असलेले दोन बिंदू जेमतेम वेगळे ओळखतो. कागद डोळ्यांपासून २५ सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतं. त्याहून जवळची दोन टिंबं एकच वाटतात. कागद आणखी जवळ आणावा तर डोळ्याचं भिंग तितकं फुगू शकत नाही आणि सगळं धूसर होतं. हातातलं बहिर्गोल भिंग नेमकी हीच अडचण सोडवतं. ते वस्तू डोळ्याच्या खूप जवळ आणूनही ती स्पष्ट दिसू देतं. म्हणून त्याची ताकद त्याच्या नाभीय अंतरावर ठरते. २५० मिलिमीटरला नाभीय अंतराने भागा, की झालं. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर ५ पट, २५ असेल तर १० पट.

काही उत्पादक मात्र या उत्तरात आणखी एक मिळवतात. गणित त्यांचंही चूक नाही. प्रतिमा दूर न पाहता २५ सेंटिमीटरवर पाहिली, तर तेवढा फायदा मिळतो. पण त्यामुळे १२ डायॉप्टर ताकदीचं एकच भिंग एका दुकानात ३एक्स म्हणून मिळतं आणि दुसऱ्यात ४एक्स म्हणून. खोटा आकडा पकडायचा उपाय तर घरचाच आहे. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहा आणि बाहेरच्या लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर रेखीव पडेपर्यंत भिंग पुढेमागे करा. भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. ते नाभीय अंतर. सूर्याची प्रतिमा घेऊ नका. कागद जळतो आणि डोळ्यालाही धोका असतो.

दुसरी खूण तर मोजमापाशिवाय कळते. काचेचा अख्खा गोळा घेतला, तरी १० पट मोठं दाखवणाऱ्या गोळ्याचा व्यास साधारण ३३ मिलिमीटर निघतो. म्हणजे तळहाताएवढ्या रुंद, साध्या भिंगावर १०एक्स लिहिलेलं असेल तर ते शक्यच नाही. मोठं दाखवणारं भिंग लहानच असणार, त्यातून तिकिटाचा थोडाच भाग दिसणार आणि ते तिकिटाच्या अगदी जवळ धरावं लागणार. ताकद आणि दृष्टिक्षेत्र दोन्ही एकाच भिंगात मागणं व्यर्थ आहे.

आकड्यापेक्षा मोठा प्रश्न गुणवत्तेचा. एकाच काचेच्या भिंगात दोन दोष जन्मजात असतात. कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात, म्हणून मध्यभाग स्पष्ट आणि कडा पुसट. शिवाय निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून काळ्या अक्षराभोवती निळी-तांबडी झालर दिसते. भिंग जितकं ताकदवान तितके हे दोष ठळक. तिकिटाच्या बाबतीत ही झालर घातक असते, कारण रंगाची छटा आणि रेषेची कड हेच आपले दोन मुख्य पुरावे. लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८मध्ये दोन वेगवेगळ्या जातींच्या काचा जोडून रंगदोष काढणाऱ्या भिंगाचं पेटंट घेतलं. एक काच रंग जितके फाकवते, तितकेच दुसरी परत जुळवते. हाच विचार पुढे नेऊन, मध्ये क्राउन काच आणि दोन्ही बाजूंना फ्लिंट काच अशी तीन भिंगं एकत्र चिकटवून जे छोटं भिंग तयार झालं, ते ट्रिपलेट. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स हेस्टिंग्ज यांच्या नावाने त्याचा एक प्रकार ओळखला जातो.

आता गडचांदूरच्या वाचकाला एक आनंदाची गोष्ट सांगतो. हे भिंग तुमच्या गावात आधीपासून आहे. इथल्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक पैनगंगा गटातला, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्या खाणींवर काम करणाऱ्या भूवैज्ञानिकाच्या गळ्यात किंवा खिशात दुमडून ठेवायचं १०एक्स ट्रिपलेट असतंच. खडकातले कण, थर, कॅल्साइटच्या बारीक शिरा पाहायला त्याला जे लागतं, तेच तिकिटाची शाई पाहायला आपल्याला लागतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीचं तिकीट १३ जानेवारी १९५१ रोजी निघालं. त्यावर स्टेगोडॉन गणेश हा नामशेष झालेला हत्तीकुळातला प्राणी आहे. हे तिकीट आपल्या संग्रहात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण भूविज्ञान आणि तिकीटसंग्रह या दोन्हींचं ते सामाईक नातेवाईक आहे.

त्या भूवैज्ञानिकाकडून भिंग धरायची रीतही शिकून घ्या. आपण वर्तमानपत्र वाचताना धरतो तसं १०एक्स भिंग हातभर लांब धरलं, तर त्यातून काही धड दिसत नाही. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि चिमट्यात धरलेलं तिकीट हळूहळू भिंगाकडे आणायचं. अडीच सेंटिमीटरवर ते एकदम लख्ख होतं. भिंग धरलेला हात गालाला आणि दुसरा हात पहिल्या हाताला टेकवला की थरथर थांबते. चष्म्याचा साधा नंबर असेल तर चष्मा काढला तरी चालतो, सिलिंडरचा असेल तर ठेवावा.

आणि मग काय दिसतं? माझ्या मते संग्रहाचा खरा आनंद इथे सुरू होतो. हातातली हीच पुरवणी घ्या आणि तिच्यातल्या एखाद्या रंगीत छायाचित्रावर भिंग धरा. आकाश नाहीसं होईल आणि निळसर, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके रांगेने उभे दिसतील. आजची बरीच तिकिटं अशाच ऑफसेट ठिपक्यांनी छापलेली असतात, फक्त त्यांचे ठिपके वर्तमानपत्राच्या ठिपक्यांपेक्षा फार बारीक. आता १ ऑक्टोबर १९५२चं कबीर किंवा मीराबाईचं तिकीट पाहा. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली संतकवींची ही मालिका ग्रॅव्ह्युअर पद्धतीची. त्यात शाई तांब्याच्या पत्र्यावरच्या सूक्ष्म खळग्यांत भरते. जिथे खळगा खोल तिथे रंग गडद, उथळ तिथे फिका. जाळी अक्षरांवरूनही जाते, म्हणून भिंगाखाली अक्षराची कड सरळ न दिसता दातेरी दिसते.

तिसरं तिकीट निजामाचं घ्या, १९३१च्या सचित्र मालिकेतलं. तिच्यात एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मनोरा आहे. ही तिकिटं कोरीव पत्र्यावरून छापलेली. रेषा पत्र्यात खोदायची, तिच्यात शाई भरायची आणि ओलसर कागद प्रचंड दाबाने तिच्यात ढकलायचा. त्यामुळे शाई कागदावर उंचवट्यासारखी बसते. भिंगाखाली ठिपका एकही नाही, नुसत्या रेषा, जाड-बारीक होत जाणाऱ्या, कोरणाऱ्याच्या हाताचा दाब दाखवणाऱ्या. उजेड बाजूने तिरपा पाडला तर प्रत्येक रेषेला स्वतःची सावली पडते. उठावाच्या ठशाची छपाई याच्या उलट. तिथे शाई दाबाने कडेला सरकते आणि रेषेच्या काठावर गडद किनार उमटते.

हे भेद ओळखता येणं किती मोलाचं आहे, हे जाँ द स्पेराती या बनावटकाराच्या कामावरून कळतं. तो स्वस्तातली खरी जुनी तिकिटं घ्यायचा, त्यावरची छपाई रसायनांनी धुऊन काढायचा आणि त्याच कागदावर दुर्मिळ तिकिटाची नक्कल छापायचा. कागद खरा, दाते खरे, जलचिन्ह खरं, कित्येकदा शिक्काही खरा. खोटी होती ती फक्त छपाई, आणि ती बोलती करायला भिंगच लागायचं. त्याचा सगळा साठा १९५४मध्ये ब्रिटनमधल्या तिकीटतज्ज्ञांच्या संघटनेने विकत घेतला, तो त्याने पुढे आणखी नकला करू नयेत म्हणून. आपल्याकडे १९४८च्या महात्मा गांधींच्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला फिरतात. मूळ तिकीट स्वित्झर्लंडच्या कुर्व्वाझिए छापखान्यातलं, ग्रॅव्ह्युअरचं. त्यावर ऑफसेटचे ठिपके दिसले, तर पुढे भाव विचारायचीही गरज नाही.

उजेडाबद्दल दोन शब्द. दिवा बसवलेली भिंगं सोयीची वाटतात, पण स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा जास्त आणि गडद तांबडा कमी असतो. त्याखाली किरमिजी आणि लाल यांतला फरक फसवा होतो. छटा ठरवायची असेल तर उत्तरेच्या खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसावं. थेट ऊन नको, जुन्या शाया त्यात विटतात. पण कागदावरची घडी, पातळ झालेली जागा किंवा दुरुस्ती शोधताना हाच एलईडी आडवा धरला तर फार उपयोगी पडतो.

मला विचाराल तर दोनच भिंगं घ्या. पहिलं ३ ते ४ पटीचं, पाच-सहा सेंटिमीटर रुंद, काचेचं. त्यातून अख्खं तिकीट एका नजरेत दिसतं आणि संग्रहाचं बहुतेक काम त्याच्यावरच होतं. दुसरं १०एक्स ट्रिपलेट. विकत घेताना आखीव वहीचं पान बरोबर न्या. रेषा कडेपर्यंत सरळ राहतात का आणि काळ्या अक्षराला रंगीत झालर येते का, एवढं दुकानातच पाहा. २० किंवा ३० पटीच्या भिंगाच्या नादी लागू नका. त्यात कागदाचे तंतू दिसतात आणि तिकीट हरवतं.

आपल्याकडे एक काळजी मात्र जास्त घ्यावी लागते, ती धुळीची. चुनखडकातला कॅल्साइट काचेपेक्षा मऊ, पण धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते काचेलाही ओरखडतात. ॲक्रिलिकचं भिंग तर कोरड्या रुमालाने चार वेळा पुसलं की धुरकट होतं. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग साध्या भिंगावर पाण्याची धार सोडावी आणि शेवटी मऊ सुती कापड लावावं. चिकटवलेलं ट्रिपलेट पाण्यात बुडवू नये.

आणि एक कळकळीची विनंती. राजुरा-कोरपना भागात निजामाच्या तिकिटाचं पाकीट सापडलं, तर तिकीट वाफ देऊन सोडवू नका. सुट्या तिकिटाची किंमत बहुधा थोडीच असते, पाकिटावरचा शिक्का मात्र ते टपाल कोणत्या कचेरीतून, कोणत्या दिवशी निघालं ते सांगतो. आपल्या तालुक्यात तेव्हा टपाल कुठून कुठे जात होतं, याचा एवढाच लेखी पुरावा कित्येकदा उरलेला असतो. आधी चार पटीच्या भिंगाने, तिरप्या उजेडात शिक्क्याची कड वाचा. शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटावर असतो. दोन्ही तुकडे जुळवून गावाचं नाव लागतं का पाहा, फोटो काढा आणि पाकीट तसंच्या तसं, कोरड्या जागी ठेवा.