पापणी नसलेली पाहुणी

मनात शंकेची पाल चुकचुकली, असे आपण सहज म्हणून जातो. अंगावर पाल पडली की पंचांगात फळ पाहणारी घरे आजही आहेत. आमच्या घरात पंचांग नव्हते. पण पाल दिसली की अम्मी आधी झाडू शोधायची. या प्राण्याला कोणी हौसेने पाळते, त्याची वीण वाढवते, हे तिला सांगितले असते तर तिने मलाच वेड्यात काढले असते. पण मंडळी, असे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या एका लाडक्या पालीची ही गोष्ट.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया ही फ्रान्सच्या अखत्यारीतली बेटे आहेत. तिथल्या दमट रानात क्रेस्टेड गेको ही पाल राहते. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे टोकदार खवले, म्हणून हे नाव. खरी गंमत अशी की तिला उघडझाप करणारी पापणीच नाही; डोळे ती जिभेने पुसते. १८६६ मध्ये गिशनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिची नोंद केली. पुढे ती नामशेष झाली असेच मानले जात होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली, आणि तेव्हा बाहेर नेलेल्या मोजक्या जिवांपासून आज घरोघरी तिची पिढी वाढते आहे.

ती झाडावर राहणारी, म्हणून पेटी उभी हवी. आत फांद्या आणि पाने हवीत. साधारण २२ ते २६ अंश तापमान तिला मानवते, फार उकाडा सोसत नाही. दिवसभर झोपते, रात्री जागी होते. म्हणून संध्याकाळी पाण्याचा फवारा मारायचा. पानांवरचे थेंब ती चाटते. खाणे म्हणजे फळांचा गर असलेले तयार मिश्रण आणि अधूनमधून किडे. दोन नर एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली. घाबरली तर शेपटी टाकते, आणि आपल्या घरच्या पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही. हाताळताना हे विसरून चालत नाही.

मादी एका वेळी दोन अंडी ओलसर मातीत पुरते. कोंबडी आपली अंडी फिरवत राहते. इथे उलटे आहे. अंडे जसे सापडले तसेच, वरची बाजू वर ठेवून उचलायचे. उलटले तर आतला जीव दगावू शकतो. दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, पिल्ले निघतात. अंड्यांसाठी मादी आपल्या अंगातला चुन्याचा साठा खर्च करते. खाण्यातून कॅल्शियम मिळाले नाही, वर्षातून काही महिने विश्रांती मिळाली नाही, तर तिची हाडे ठिसूळ होतात. जास्त पिल्लांचा मोह तिच्या जिवावर बेततो.

मग या हौसेने ही पाल वाचली का? पेटीतली वाचली. रानातल्या पालीला उंदीर आणि बाहेरून आलेल्या छोट्या आगमुंग्या यांचा धोका आहेच. रंगांसाठी निवडून वाढवलेली पिल्ले रानात सोडून तो टळत नाही. मात्र पेटीतच जन्मलेली पिल्ले मिळू लागली की रानात हात घालायचे कारण उरत नाही, हा फायदा खरा.

सगळ्याच पालींचे नशीब असे नाही. आपल्या ईशान्य भारतातही आढळणारी टोके ही मोठी पाल औषधी असल्याच्या खोट्या समजुतीपायी पकडली जाते, आणि पाळण्यासाठीही रानातून उचलली जाते. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर नियंत्रण आणले.

म्हणून कोणी अशी देखणी पाल पुढे केली, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, ही जन्मली कुठे, आणि हिला पाळायला कायद्याची परवानगी आहे का? हे जनावर पंधरा-वीस वर्षे जगते. तितकी वर्षे तुम्ही संध्याकाळी घरी असाल का, हे मात्र स्वतःलाच विचारा. विकणारा उत्तर द्यायला अडखळला, तर मनात शंकेची पाल जरूर चुकचुकू द्या. तिचे तेवढे ऐकलेले बरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)