राग म्हणजे वाफ नव्हे

“मनात काही ठेवू नये माणसाने, बोलून मोकळे व्हावे!” हे वाक्य मी आयुष्यभर मोठ्या दिमाखाने उच्चारीत आलो, आणि त्याच्या आधारावर घरातल्या लहानथोरांवर मनसोक्त ओरडतही आलो. माझा सिद्धांत सोपा होता : मन म्हणजे प्रेशर कुकर. शिट्टी झाली नाही, तर एक दिवस झाकण उडायचेच.

परवा धाकटी कन्या हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही मोकळे होता, पण आम्ही मात्र दोन दिवस घाबरून असतो.”

ते शब्द लागले. मग मी पुस्तके काढून बसलो.

ही कुकरची कल्पना माझ्या एकट्याची नव्हे. व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी १८९५ साली हिस्टेरियावर ग्रंथ लिहिला. कोंडलेल्या भावनेला वाट दिली की विकार हटतो, असे त्यांचे म्हणणे. ब्रॉयर यांची ‘आना ओ.’ ही रुग्ण मन मोकळे करूनच बरी झाली, अशी ख्याती पसरली. प्रत्यक्षात १८८२ मध्ये ब्रॉयर यांचे उपचार थांबल्यानंतर तिला आरोग्यधामात ठेवावे लागले होते!

पुढे २००२ साली अमेरिकेतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर जहरी टीका करून त्यांना चिडवण्यात आले. काहींनी टीकाकाराला आठवत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, तर काही नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त राग कोणाचा? टीकाकाराला आठवून ठोसे मारणाऱ्यांचा! आणि नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले.

म्हणजे राग आत साठलेली वाफ नव्हेच. अपमान आठवून आठवून आपण तो दर वेळी नव्याने पेटवतो, आणि ओरडण्याने ओरडण्याचाच सराव होतो. याचा अर्थ तोंड शिवून बसावे असा मुळीच नाही. काय खुपले ते जरूर सांगावे. पण आग थोडी निवाल्यावर, समोरच्याला ऐकू येईल अशा आवाजात.

काल चहात साखर नव्हती. मी गॅलरीत जाऊन दहा मिनिटे उभा राहिलो. परत आलो तर कन्येने साखरेचा डबा पुढे केला आणि विचारले, “बाबा, बरे आहात ना?”

इतक्या वर्षांत तिने हे प्रथमच, न घाबरता विचारले होते.