गेम ऑन, पण कडेचं काय?

घरच्या घरी आर्केड कॅबिनेट बनवायचं म्हटलं, की सगळे जॉयस्टिक, बटणं आणि स्क्रीनवरच घसरतात. कडेच्या पट्टीचा विषय निघतो तो बजेट संपल्यावर! माझा फंडा उलटा आहे. बटण बिघडलं तर दहा मिनिटांत बदलता येतं. पण एमडीएफची कड एकदा पाणी पिऊन फुगली, की ती पुन्हा बसत नाही. आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा, वर रोज ओल्या फडक्याने पुसलेली फरशी. म्हणजे बघा!

पॅक-मॅन आला १९८० साली. त्या जमान्यातल्या अमेरिकन मशिन्सच्या कडांवर जी गुबगुबीत पट्टी दिसते, ती टी-मोल्डिंग. इंग्रजी टी अक्षर आडवं पाडा, झाला तिचा छेद. टीच्या दांड्याला बारीक दाते असतात. फळीच्या कडेत राउटरने खाच मारायची आणि रबरी हातोडीने पट्टी ठोकत जायची. गोंद नको, म्हणूनच खराब झाली की उपटून नवी!

सुतारकाका मात्र हमखास म्हणणार, ‘‘एज-बँड मारू या की, स्वस्तात होईल.’’ मशीनवर लावलेला २ मिमीचा पीव्हीसी बँड सरळ कडेला झकास बसतो, हे मान्य. पण कॅबिनेटची बाजू नागमोडी. आतल्या वळणावर हाताने चिकटवलेला बँड आधी सुटतो. अॅल्युमिनियम दिसतं कूल, पण वळायचं नाव घेत नाही. कॅबिनेट अगदी चौकोनी असेल, तर मी सागवानी लिपिंग निवडेन, बिनधास्त.

टी-मोल्डिंग घेताना माप जपा. पाऊण इंची पट्टी १९ मिमीची. १८ मिमी फळीला एका बाजूने १ मिमी सनमायका लावला की जोडी जमते. दोन्ही बाजूंनी लावलात तर पट्टी अपुरी. खाचेचा मध्य सनमायका लागल्यावरच काढायचा, आणि खाच दांड्याच्या जाडीइतकीच, बहुतेकदा १.६ मिमी. आधी टाकाऊ तुकड्यावर ट्रायल मारा. प्लायमध्ये थरांत पोकळी लागली तर दात्यांची पकड जाते; इथे एमडीएफ सरस.

वळणावर दांड्याला त्रिकोणी काप द्या, हेअर ड्रायरने जरा गरम करा, पण ताणू नका. ताणलेलं पीव्हीसी पुढे आकसतं आणि टोकाला फट पडते. टोकं मागे किंवा तळाला लपवा, आणि कॅबिनेटला खाली बूट लावून फरशीपासून उचला.

रंगाचं म्हणाल तर क्रोमचा मोह टाळा. मनगट टेकतं तिथे वरचा मुलामा हमखास उडतो. मी आरपार एकाच रंगाची पट्टी घेते, काळी नाहीतर पिवळी. तिच्यावर ओरखडा गेला तरी खालून तोच रंग दिसतो.