टॉम रॉबिन्सनचा गुन्हा काय?

मी साहित्याचा समीक्षक नव्हे. कोर्टाच्या तारखांमधून सवड मिळाली की हाती येईल ते वाचणारा साधा वाचक आहे. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी अशीच वाचली. १९६० साली ती प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कथा १९३०च्या दशकातल्या अलाबामातली. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आरोप येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू मांडतो. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात तर सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. उलट मुलीचा बापच डावखुरा. वकील म्हणून सांगतो, एवढ्या पुराव्यावर आरोपी सुटलाच पाहिजे. पण ज्युरीतले सारे गोरे. टॉम दोषी ठरतो आणि पुढे तुरुंगातून पळताना गोळ्या घालून मारला जातो.

खरा गुन्हा उलटतपासणीत उघड होतो. त्या मुलीला मदत का करायचास, असे विचारल्यावर टॉम म्हणतो, तिची कीव यायची. काळ्या माणसाने गोरीची कीव करावी? तिथेच निकाल लागतो! तिचा बाप गावाच्या उकिरड्याजवळ राहणारा, आळशी, दारुडा. तरीही कातडीच्या जोरावर तो टॉमपेक्षा वरचा. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. पुरावा कोर्टात येतो, जात मात्र दाराबाहेर ठेवली जाते.

जगभरचे वाचक ॲटिकसवर खूश आहेत. मीही त्याच्या जिरहीला दाद दिली. पण २०१५ साली लीचे 'गो सेट अ वॉचमन' हे आधी लिहिलेले पुस्तक बाहेर आले. त्यातला म्हातारा ॲटिकस वर्णभेद मोडण्याच्या विरोधात उभा दिसतो. अनेकांना धक्का बसला. मला बसला नाही. उदार माणसाची दया आणि समतेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मनात राहिले ते काळ्यांचे चर्च. तिथे जेमतेम चौघांना वाचता येते. एक जण गीताची ओळ वाचतो, बाकीचे ती मागून म्हणतात. टॉमच्या बायकोला कोणी काम देत नाही, म्हणून धर्मगुरू दार बंद करून घेतो आणि दहा डॉलर जमल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नाही. लेखिकेने हा प्रसंग थोडक्यात आटोपला आहे. आपल्या वस्तीत वर्गणी गोळा करून मोर्चे काढणाऱ्यांना त्याचे मोल कळेल.

त्या कोर्टात काळी माणसे वरच्या सज्जात बसतात आणि ॲटिकस बाहेर पडताना आदराने उभी राहतात. बाबासाहेबांनी आपल्याला सज्जात बसवले नाही. ते स्वतः बॅरिस्टर होऊन कोर्टात उभे राहिले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले.

कादंबरी जरूर वाचा. पण मिटताना स्वतःला विचारा: आपण ॲटिकसची वाट पाहणार, की आपल्या मुलामुलींच्या अंगावर काळा कोट चढवणार?