कुत्र्याची कावीळ आणि रक्ताचा अहवाल

कुत्र्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, लघवी गडद पिवळी झाली आणि डोळ्यांत पिवळी झाक दिसली, की घरोघरी ‘कावीळ झाली’ असे निदान होते. मग कोणी उसाचा रस पाजतो, कोणी झाडपाल्याचे औषध देतो. परंतु कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे.

रक्तातील जुन्या तांबड्या पेशी रोज मोडत असतात. त्यांपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. म्हणून बिलिरुबिन वाढण्याची कारणे तीन: तांबड्या पेशी फार वेगाने मोडणे, यकृत आजारी असणे किंवा पित्तनलिका तुंबणे. आपल्याकडे पहिल्या प्रकारात गोचीडताप नेहमी आढळतो. त्यात हिरड्या पांढऱ्याफटक पडतात व हिमोग्लोबिन उतरते. हा दोष यकृताचा नसतो. म्हणून केवळ यकृताची तपासणी न करता रक्तपेशींची मोजणी आणि गोचीडतापासाठी रक्ताची काचपट्टीही तपासून घ्यावी.

लहान गावात कुत्र्याचे रक्त बहुधा माणसांच्याच प्रयोगशाळेत जाते. अहवालावर छापलेले ‘नॉर्मल’ आकडे माणसाचे असतात. तेथेच घोटाळा होतो. माणसात बिलिरुबिन १.२ मिलिग्रॅमपर्यंत चालते. कुत्र्यात ते साधारण ०.५ च्या आतच हवे. म्हणजे १.० हा आकडा कागदावर ठीक दिसला, तरी कुत्र्यासाठी तो वाढलेला आहे. डोळे पिवळे दिसतात ते बिलिरुबिन साधारण २ च्या आसपास गेल्यावर. याउलट एसजीपीटी ७० आले, तर माणसाच्या मानाने ते जास्त, पण कुत्र्यात सहसा स्वाभाविकच.

एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाल्याचे सांगते. यकृत किती काम करते ते सांगत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, साखर वगैरे पाहावे लागते. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयाच्या पिलांत, तसेच स्टिरॉइडची औषधे चालू असताना वाढलेले असते. तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना जरूर सांगावी. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

ताप आहे म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नये; कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात. गोचिडींचा वेळीच बंदोबस्त करावा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कावीळ लेप्टोस्पायरोसिसमुळेही होते आणि हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतो. निदान होईपर्यंत लघवी हातमोजे घालून साफ करावी, जागा जंतुनाशकाने धुवावी, मुलांना दूर ठेवावे. या रोगाची प्रतिबंधक लस कुत्र्यांसाठी मिळते.

डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे. पिवळेपणा उतरण्याची वाट पाहण्यात गेलेले दोन दिवस प्राण्याच्या जिवावर बेतू शकतात.