१३० डॉलरांचा महाबली

दिवाळीची सुट्टी लागली की मध्यमवर्गीय घरात मुलांच्या दोन मागण्या हटकून पुढे येतात. एक चित्रकथांची आणि दुसरी सिनेमाची. पहिलीला ‘डोळे बिघडतील’ म्हणून आणि दुसरीला ‘पैसे काय झाडाला लागतात?’ म्हणून आईवडील आधी नकार देतात, आणि फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत दोन्ही मान्य करतात. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण पहिल्या मागणीचा जुना पाठीराखा आहे. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याने सुपरमॅन वाचू नये, असा नियम विद्यापीठाने अद्याप केलेला नाही!

चित्रकथा म्हणजे सिनेमाची गरीब बहीण, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. चित्रकथेत एका चौकटीत ठोसा उगारलेला असतो आणि दुसऱ्या चौकटीत खलनायक आडवा झालेला असतो. मधला ठोसा कोठेच काढलेला नसतो. तो त्या दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वाचकाने आपल्या मनाने मारायचा असतो. सिनेमा हे काम आपल्यासाठी करून टाकतो. म्हणून सिनेमा पाहताना आपण पाहुणे असतो आणि चित्रकथा वाचताना घरचे.

अर्थात देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालत आले आहे. सुपरमॅनचेच पाहा. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते, तो नुसत्या उंच उड्या मारीत असे. वीस मजली इमारत ओलांडील एवढी त्याची झेप! परंतु हलत्या चित्रांत सारखा टुणटुण उड्या मारणारा महाबली काही शोभेना. म्हणून १९४१ पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या कार्टूनपटांत तो सरळ आकाशात झेपावू लागला. चित्रकथेने सिनेमाला नायक दिला, सिनेमाने त्याला आकाश दिले. बहिणीबहिणींचा हा व्यवहार ठीकच म्हणायचा. पण ज्यांनी हा नायक घडवला, त्यांच्या पदरात काय पडले?

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरचे दोन शाळासोबती. एक लिहिणारा, दुसरा काढणारा. त्यांचा सुपरमॅन काही वर्षे नकार झेलीत हिंडला. अखेर मार्च १९३८ मध्ये एका प्रकाशकाने तो घेतला: १३ पाने, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या पैशांत नुसती गोष्ट गेली नाही, तर नायकावरचा सगळा हक्कही गेला. दोघांचे वय तेव्हा अवघे तेवीस. पुढे १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला. १९४८ मध्ये तो तडजोडीने मिटला, आणि त्यानंतर सुपरमॅनच्या गोष्टींवरून त्यांची नावेही नाहीशी झाली. बारसे करणाऱ्या आत्यालाच घराबाहेर काढावे, तशातला हा प्रकार!

१९७५ साली सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार, अशी वार्ता पसरली. त्या वेळी सीगल टपाल हाताळणाऱ्या कारकुनाची नोकरी करीत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलने जाहीर पत्रक काढून त्या चित्रपटाला चक्क शाप दिला. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकथांचे नावाजलेले कलावंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. अखेर त्याच वर्षी डिसेंबरात, ऐन नाताळाच्या दिवसांत, वॉर्नर कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन मान्य केले आणि त्यांची नावेही परत दिली.

डिसेंबर १९७८ मध्ये, नाताळाच्याच हंगामात, तो चित्रपट झळकला. त्यात सुपरमॅनच्या पित्याच्या छोट्याशा भूमिकेसाठी मार्लन ब्रँडोला सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले होते. खऱ्या जन्मदात्यांचे मानधन आपण वर पाहिलेच! तरी चित्रपटाची सुरुवात मात्र मला हृद्य वाटते. पडदा उघडतो आणि एक लहान मूल चित्रकथेची पाने उलटताना दिसते. आपला उगम कोठला, हे सिनेमाने तेथे प्रांजळपणे कबूल केले आहे.

दैवाची थट्टा पाहा. त्या १३० डॉलरांची नोंद असलेला एकूण ४१२ डॉलरांचा धनादेश २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला. शुस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये निवर्तला होता.

ही गोष्ट साता समुद्रापलीकडची खरी. पण आपल्या मुलांच्या हातातील पुस्तकेही कोणीतरी काढलेलीच असतात. ‘चांदोबा’तील प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम आपल्यापैकी कितीकांना डोळे मिटूनही दिसतो! ते चित्र काढणारे के. सी. शिवशंकर २०२० मध्ये वारले, तेव्हा त्यांचे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले असेल. म्हणून या सुट्टीत मुलांना पुस्तक घेऊन द्या, सिनेमाही दाखवा, फक्त एवढे विचारा, “हे कोणी लिहिले, कोणी काढले?” उत्तर आले नाही तर मुलांबरोबर बसून पहिले पान उघडा आणि नाव शोधा. तेवढ्यास काही पैसे पडत नाहीत, आणि डोळेही बिघडत नाहीत.