वाघ आणावा, पण सांगून

गेल्या कार्तिकात, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात, आम्ही काही दिवस येळ्ळूरला होतो. भाताची सुगी भरात आली होती. राजहंसगडाच्या पायथ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत कापलेले भात पसरले होते आणि रस्त्याने गवताच्या गाड्यांची ये-जा चालू होती. ज्या वाचकांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, येळ्ळूर हे बेळगावच्या दक्षिणेस, शहराला जवळजवळ लागून असलेले शेतकऱ्यांचे आणि पैलवानांचे मोठे मराठी गाव. गडावर उभे राहिले म्हणजे एका अंगाला बेळगाव शहर दिसते आणि दुसऱ्या अंगाला, शेते संपतात तेथून पुढे, खानापूरकडच्या रानाची निळसर रेघ सुरू होते. त्या रेघेविषयीच आम्हांला लिहावयाचे आहे.

सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी होती की, चंद्रपूरकडील ताडोबाच्या रानातील एक तरुण वाघीण पिंजऱ्यातून शेकडो किलोमीटर प्रवास करवून सह्याद्रीत, चांदोलीस आणण्यात आली. तिचे नाव आता ‘तारा’ ठेवले आहे. घरातील मुलांना कोण आनंद झाला! आमच्या चुलत बहीण आक्का माहेरपणास आल्या होत्या. त्या ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता एवढेच विचारले, “तितल्या लोकास्नी सांगून सोडल्यात काय?”

हा प्रश्न आम्हांला एकदम समजला, कारण आक्कांचे सासर खानापूर तालुक्यातील रानालगतच्या एका खेड्यात आहे, आणि त्यांनी २०१४ चा डिसेंबर तेथे काढला आहे.

त्या साली काय घडले ते बाहेरगावच्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत नसेल. चिकमगळूर जिल्ह्यात एका वाघाने एका स्त्रीचा जीव घेतला होता. नोव्हेंबरात त्याला जेरबंद करण्यात आले, गळ्यात ठावठिकाणा कळविणारा रेडिओ-पट्टा बांधण्यात आला, आणि तेथून दूर उत्तरेस आणून त्याला खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अभयारण्यात सोडण्यात आले. भीमगड हे वाघाचे जुने घर खरे. ते अभयारण्य म्हणून २०११ मध्ये जाहीर झाले, तेथे गवे आहेत, सांबरे आहेत. कागदावर विचार वावगा दिसत नव्हता. परंतु थोड्याच दिवसांत या वाघाच्या हल्ल्यात खानापूर तालुक्यातील एक तरुण स्त्री मरण पावली. लोक संतापले, मोर्चे निघाले. आमच्या भागात असा वाघ आणून सोडला हे आम्हांला सांगितले नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. २८ डिसेंबर रोजी त्या वाघाला गोळी घालून ठार करण्यात आले. दोन जिल्ह्यांत मिळून दोन संसार उद्ध्वस्त झाले, आणि वाघही गेला तो गेलाच.

आक्का सांगतात, ते दिवस मळणीचे होते. रात्री खळ्यावर राखणीला जावयास कोणी धजेना. दिवस मावळताच दारे लागत, आणि पहाटे बाहेर जावयाचे तर चारचार बायका कंदील घेऊन एकत्र निघत. मात्र आक्कांचा राग वाघावर नाही. त्यांच्या गावाच्या सीमेवर वाघदेवाचा दगड आहे, त्याला वर्षातून एकदा नारळ जातोच. कोकणात आणि गोव्यात दिवाळीच्या सुमारास वाघबारस पाळतात, गुराख्यांपैकी एकाला वाघ करून पिटाळून लावतात. तसलीच ही जवळीक. पिढ्यान् पिढ्या ज्या लोकांनी वाघाला गोठ्यापासून हाकलले आणि देवळीत बसविलेही, त्यांना वाघ नवा नाही. “वाघ हाय म्हणून सांगिटलं असतं तर आमी म्हशी आत बांदून ठेवलो असतो की,” आक्का म्हणाल्या. “पट्टा बांदलेला वाघ. म्हंजे त्यो कुटं हाय ते कुणाला तरी कळत हुतं. आमालाच तेवडं कळत नव्हतं.”

या एका वाक्यात आम्हांला सगळ्या प्रश्नाचे मर्म दिसते. म्हणून चांदोलीच्या वाघिणीची हकीकत थोडी तपशिलाने पाहू.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे साडेअकराशे चौरस किलोमीटरांचे क्षेत्र. नाव व्याघ्र प्रकल्प, पण व्याघ्र कोठे, अशी थट्टा वर्षानुवर्षे होत असे, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. २०१८ च्या मे महिन्यात एका वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपले. मग पुन्हा शांतता. २०२३ च्या डिसेंबरात चांदोलीत दुसरा वाघ दिसला. तो आधी राधानगरीच्या रानात नोंदला गेलेला होता. पुढे आणखी नर आले. त्यांना ‘सेनापती’, ‘सुभेदार’, ‘बाजी’ अशी आपल्या इतिहासाला साजेशी नावे मिळाली. पण सेनापती आणि सुभेदार असून राज्य काही वाढेना, कारण मादी एकही नव्हती.

याचे कारण वाघाच्या स्वभावात आहे. नर वयात आला की बापाच्या हद्दीतून बाहेर पडतो आणि स्वतःचा मुलूख शोधीत शंभर-दोनशे किलोमीटरही चालून जातो. मादी मात्र बहुधा आईच्या हद्दीच्या आसपासच आपली हद्द आखते. वाघांची नांदती वस्ती आहे ती दक्षिणेस, दांडेली-अणशीच्या रानात, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. तेथून नर चालत चांदोली गाठू शकतो. वाघीण पोहोचावयाची तर वाटेत दोन-तीन ठिकाणी वाघिणींच्या पिढ्या नांदाव्या लागतील. तेवढी वाट पाहावयास कोणाजवळ वेळ नाही. तेव्हा ताडोबा आणि पेंच येथून आठ वाघ आणावयाची योजना केंद्र सरकारने मान्य केली, आणि तारा ही त्यांतील पहिली. डिसेंबरात दुसरी वाघीणही आली. ताराला एकदम मोकळ्या रानात न सोडता प्रथम कुंपणाच्या आवारात ठेवून नव्या हवापाण्याची सवय करू दिली गेली, हे आम्हांला विशेष शहाणपणाचे वाटते. ती ताडोबाच्या सपाट, कोरड्या, सागबांबूच्या रानात वाढलेली. येथे तिच्यापुढे सह्याद्रीचे उभे कडे आणि महामूर पाऊस आहे.

असले प्रयोग आपल्या देशात नवे नाहीत. ग्वाल्हेरकडील वाचकांना ठाऊक असेल की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माधवराव महाराज शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरच्या बाजूला रानात सोडले होते. ते सिंह गुरांवर आणि मग माणसांवर घसरले आणि त्यांचा निकाल लावावा लागला. त्याच श्योपूर जिल्ह्यातील कुनोमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाचे चित्ते उतरले. राजस्थानात सारिस्काचे सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपविल्यावर २००८ मध्ये रणथंबोरहून विमानाने, म्हणजे हेलिकॉप्टरने, वाघ नेला. दोनच वर्षांत तो विषबाधेने मेला. ओडिशातील सातकोशियात २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून एक नर आणि एक मादी नेली. आसपासच्या खेड्यांचा विरोध होता. नर काही महिन्यांत मेलेला सापडला. मादीवर माणसे मारल्याचा आळ आला, तिला कोंडून ठेवावे लागले आणि २०२१ मध्ये आल्या वाटेने परत पाठविण्यात आले.

पन्नाची गोष्ट मात्र वेगळी आणि सांगण्याजोगी आहे. मध्य प्रदेशातील या रानात २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. कान्हा आणि बांधवगड येथून दोन वाघिणी आणल्या आणि नोव्हेंबरात पेंचहून एक नर. नर सुटला तो दक्षिणेची वाट धरून सरळ घराकडे चालू लागला! वनखात्याची माणसे हत्ती घेऊन त्याच्या मागे, शेतांतून, गावांच्या कडेने, महिनाभर. अखेर नाताळाच्या सुमारास त्याला गुंगी देऊन परत आणले. या खेपेस अधिकाऱ्यांनी युक्ती केली. वाघिणीचे मूत्र मिळवून ते रानातील झाडांवर शिंपडले. नराला वास लागला आणि त्याचे घराकडचे चित्त उडाले. २०१० च्या एप्रिलात पहिली पिल्ले झाली. आज पन्नामध्ये वाघांची संख्या पन्नासच्या वर गेलेली आहे. युक्तीचे कौतुक सारेच करतात. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती महिनाभराची पायपीट. तो वाघ इतक्या वस्तीतून गेला आणि त्याच्या मागे सतत माणसे होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. भीमगडच्या वाघामागे अशी माणसे असती तर?

शिवाय भीमगडच्या वाघाची जात निराळी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो रान वसविण्यासाठी निवडून आणलेला नव्हता. एका ठिकाणची अडचण दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवलेली होती. ताराची निवड माणसापासून दूर राहणारी तरुण वाघीण म्हणून झालेली आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘वाघ आणणे वाईटच’ म्हणणे आम्हांला पटत नाही. चांदोलीस वाघिणी आणल्या हे योग्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण आणलेल्या वाघांची पिल्ले वाढणार, त्यांतील नर बाहेर पडणार, आणि ते कोठे जाणार? नकाशा पाहावा. चांदोलीहून विशाळगड, गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर, आजरा, आंबोली, चंदगड, तिलारी. तेथून एक फाटा गोव्याच्या म्हादईत आणि दुसरा भीमगडावरून काळीच्या रानात. रानाची ही चिंचोळी पट्टी हीच वाघाची पायवाट. राजहंसगडावरून दिसणारी रेघ याच पट्टीचा तुकडा आहे. पट्टी तीन राज्यांची आहे आणि वाघ एकच. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिलारी आणि २०२१ मध्ये चंदगडसह पश्चिम कोल्हापुरातील काही रानांना संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले, हे चांगले झाले. दुसरीकडे दोडामार्गात रबर आणि काजूच्या लागवडीसाठी रान मोकळे होत गेले, आणि बेळगाव-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणात खानापूरकडची मोठमोठी झाडे पडली. म्हादई अभयारण्यात २०२० च्या जानेवारीत, गुरे मारली गेल्यानंतर, विषप्रयोगाने चार वाघ मेले, एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे. त्याला व्याघ्र प्रकल्प घोषित करावा असा उच्च न्यायालयाचा आदेश २०२३ मध्ये झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

एक म्हैस गेली म्हणजे खानापूरच्या डोंगरातील धनगर-गवळ्याच्या घरचे वर्षाचे गणित मोडते. भरपाईचा अर्ज, पंचनामा, हेलपाटे. आणि कागद कन्नडात, अर्जदार मराठी. भीमगडच्या पोटातील तळेवाडीच्या कुटुंबांना मोबदला देऊन बाहेर वसविण्याचे काम २०२४-२५ मध्ये सुरू झाले. काहींना ते हवेसे आहे, कारण तेथे पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. जे काठावर राहणार त्यांचे काय, याचा विचार वाघाच्या खर्चातच धरला पाहिजे. पिंजरा, गळपट्टा, डॉक्टर यांवर पैसा होतो, तर प्रत्येक काठाच्या गावात निरोप पोहोचविणारा एक माणूस आणि आठ दिवसांत हातात पडणारी भरपाई यांवर का होऊ नये?

शहरवासीयांनी हसू नये. २०२२ च्या ऑगस्टात बेळगावात गोल्फच्या मैदानात एक बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि त्याला हुडकण्यासाठी हत्ती आणविले गेले. एका बिबट्याने अर्धे शहर घरात बसले. आक्कांच्या गावाला त्या डिसेंबरात पट्टेरी वाघ होता.

हे सारे आम्ही आक्कांना सांगितले. ताडोबा, पन्ना, सर्व काही. त्यांनी ऐकून घेतले. मुलांनी फोनवर ताराचे चित्र दाखविले, ते त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले. “देखणी हाय,” म्हणाल्या, आणि मग तिच्या गळ्यावर बोट ठेवून, “हिलाबी पट्टा हाय. ह्यो कोण बगतंय रे?”

वनखात्याची माणसे रात्रंदिवस पाहतात, असे आम्ही सांगितले.

“मग त्यास्नी गावागावाचे फोन नंबर लिवून घ्यायला सांग,” असे म्हणून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले.